बाजारातले डेटाबेस कॉडचे नियम खरंच पाळतात का?

तुम्ही विचारलंय की व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) सर म्हणाले, एडगर कॉड या संशोधकाने रिलेशनल डेटाबेससाठी, म्हणजे माहिती टेबलांमध्ये ठेवणाऱ्या डेटाबेससाठी, घातलेले बाराही नियम पाळणारा एकही डेटाबेस बाजारात नाही, मग ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल यांना रिलेशनल म्हणायचंच कशाला. सर बरोबर बोलले, पण एवढ्यावर सोडून दिलं तर अर्धीच गोष्ट कळते, कारण काही ठिकाणी ही प्रॉडक्ट्स खूप चांगली आहेत आणि काही ठिकाणी पार घसरलीयेत. मी देवगडला आंबा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, बागायतदाराकडून पेट्या किती आल्या, कुठल्या गाडीने वाशीला गेल्या, पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) काय आली असला सगळा हिशोब, त्यामुळे उदाहरणं तीच देतो.

आधी चांगलं सांगतो. कॉडने १९७० साली आयबीएममध्ये असताना जो पेपर लिहिला त्यातला मोठा मुद्दा हा की डेटा डिस्कवर कसा ठेवलाय, कुठल्या क्रमाने ठेवलाय, इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणून केलेली सूची) आहे की नाही, याच्याशी प्रोग्रामला काही देणंघेणं नसावं. त्याआधीच्या सिस्टिम्समध्ये प्रोग्रामरला पॉइंटर धरून एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर जावं लागायचं आणि रचना बदलली की प्रोग्राम झोपायचा. आज ऐन मे महिन्यात रिपोर्ट स्लो झाला तर मी एक इंडेक्स टाकतो, क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, एक अक्षर बदलत नाही आणि तोच रिपोर्ट पटकन येतो. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्याची किंमतच वाटत नाही, पण मॉडेलने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि ती या कंपन्यांनी बऱ्यापैकी प्रामाणिकपणे दिलीये.

आता घसरलेत कुठे, तर पहिलं म्हणजे डुप्लिकेट. कॉडच्या मॉडेलमध्ये टेबलाला रिलेशन म्हणतात आणि रिलेशन हा सेट (गणितातला संच) असतो, त्यात तीच ओळ दोनदा येऊच शकत नाही. एसक्यूएलचं (या सगळ्या डेटाबेसची क्वेरी लिहायची भाषा) टेबल मात्र सेट नाही, ‘की’ (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येईल असे कॉलम) न देता टेबल करता येतं आणि त्यात हुबेहूब सारख्या ओळी कितीही घालता येतात. समजा एकाच बागायतदाराच्या, एकाच तारखेच्या, एकाच गाडीच्या, पाच डझनी वीस पेट्या अशी ओळ दोनदा आलीये. म्हणजे माल दोन वेळा आला की एक्सेल फाइल दोनदा इम्पोर्ट झाली? टेबलाकडे कितीही बघा, सांगताच येत नाही. बरं त्यातली एकच उडवायची म्हटलं तर व्हॅल्यू देऊन उडवता येत नाही, दोन्ही जातात, मग ओरॅकलमध्ये रोआयडी नाहीतर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सीटीआयडी शोधायचा, म्हणजे परत डिस्कवरचा पत्ता हातात घ्यायचा, ज्यातून कॉडला आपल्याला सोडवायचं होतं! प्रत्येक व्हॅल्यू ही टेबलाचं नाव, प्रायमरी की आणि कॉलमचं नाव एवढ्यावर मिळालीच पाहिजे हा त्याचा दुसरा नियम, तो इथे सरळ मोडतो. एसक्यूएल ज्यातून आली त्या आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेसमध्ये डुप्लिकेट काढणं महाग पडतं म्हणून ते क्वेरीत डिस्टिंक्ट हा शब्द लिहिणाऱ्यावर सोडलं आणि ते तसंच पुढे स्टँडर्डमध्ये गेलं.

दुसरं नल, म्हणजे व्हॅल्यू नसल्याची खूण. इथे मात्र कंपन्यांना एकट्यांना दोष देता येत नाही, कारण नल कॉडला स्वतःला हवा होता, तिसरा नियम त्याचाच आहे. क्रिस डेट (रिलेशनल मॉडेलवर लिहिणारा लेखक) वगैरे मंडळी कायम त्याच्या विरोधात राहिली आणि मला विचाराल तर मी डेटच्या बाजूचा. वाशीहून दर अजून आलेला नाही, दर कॉलममध्ये नल. एखादी पेटी व्यापाऱ्याने घरी पाहुण्यांना दिली, तिला दर लागूच नाही, तिथेही नल. कॉडने नंतर या दोघांसाठी वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या, पण एसक्यूएलमध्ये एकच नल राहिला. आता क्वेरी लिहा, दर २००० पेक्षा जास्त किंवा दर २००० आणि त्याखाली. कोणीही म्हणेल सगळ्या पेट्या येणार, पण नलवाली एकही येत नाही, कारण नलशी केलेली तुलना ना खरी ठरते ना खोटी. त्याहून वाईट म्हणजे नॉट इन (त्या यादीत नसलेले तेवढे आणा अशी अट), पट्टी न आलेल्या बागायतदारांची यादी काढताना पट्टीच्या टेबलात एका ओळीत जरी बागायतदाराचा कोड नल असला तरी अख्खी यादी रिकामी येते, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळ्यांच्या पट्ट्या आल्या. ओरॅकल तर रिकामी स्ट्रिंगसुद्धा नल धरतं, म्हणून तिथे गाव रिकामं नाही अशी अट रिकाम्या स्ट्रिंगशी तुलना करून लिहिली तर एकही ओळ मिळत नाही.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते धंद्याच्या नियमांचं. धंद्याचे नियम डेटाबेसमध्येच लिहिलेले असावेत, प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगवेगळे नाहीत, हा कॉडचा दहावा नियम आणि माझ्या मते कामाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. बागायतदाराने दिल्या त्यापेक्षा जास्त पेट्या त्याच्या नावावर गाडीत चढू नयेत, इतका साधा नियम, पण तो दोन टेबलांमध्ये पसरलाय. एसक्यूएलच्या १९९२ च्या स्टँडर्डमध्ये यासाठी असर्शन (अनेक टेबलांवरचा नियम लिहायची सोय) आलं खरं, पण नंतर कित्येक वर्षं मोठ्या प्रॉडक्टपैकी कोणी ते दिलंच नाही, आणि चेकमध्ये (टेबलाच्या ओळीवर घालायची अट) सबक्वेरी, म्हणजे आत दुसरी क्वेरी, लिहू देत नाहीत, म्हणून ट्रिगर (डेटा बदलला की आपोआप चालणारा कोड) लिहायचे आणि दोघं एकदम एंट्री करत असतील तर लॉकिंगचं (एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं) पण आपणच बघायचं. मायएसक्यूएल तर चेक लिहिलेला मुकाट्याने घ्यायचं आणि पाळायचंच नाही, ते २०१९ साली ८.०.१६ पासून सुधारलं.

व्ह्यूचं, म्हणजे क्वेरीतून तयार होणाऱ्या आभासी टेबलाचं, थोडक्यात सांगतो. सहावा नियम म्हणतो की तत्त्वतः अपडेट होऊ शकणारा प्रत्येक व्ह्यू अपडेट झाला पाहिजे. साधे एका टेबलाचे होतात, जॉइनवाले (दोन-तीन टेबलं जोडून केलेले) अर्धेमुर्धे, पुढे इन्स्टेड ऑफ ट्रिगर (अपडेटच्या जागी आपला कोड चालवणारा). पण हा प्रश्न मुळातच अवघड आहे, इथे मी कंपन्यांना फार बोलणार नाही.

मग रिलेशनल म्हणायचं का? १९८५ साली कॉडने कॉम्प्युटरवर्ल्डमध्ये हे नियम छापले (शून्यापासून मोजले तर तेरा होतात) तेच मुळी जुन्या मालावर रिलेशनलचं लेबल लावून विकणाऱ्यांना चाप बसावा म्हणून. त्या कसोटीवर पूर्ण उतरणारं मी तरी काही वापरलेलं नाही, त्यामुळे मी एसक्यूएल डेटाबेस म्हणतो. पण या एसक्यूएल डेटाबेसमध्ये रिलेशनल पद्धतीने काम करायला तुम्हाला कोणी अडवत नाही. प्रत्येक टेबलाला की द्या, आणि नुसता आयडी नंबर नाही तर बागायतदार, तारीख, चलन नंबर अशी खरी ओळख सांगणारी युनिक कीसुद्धा. कॉलम नॉट नल ठेवा, आणि दर उशिरा येतो तर दराचं टेबलच वेगळं करा, दर आला की ओळ येईल, नाही आला तर ओळच नाही. नॉट इनच्या जागी नॉट एक्झिस्ट्स लिहा. प्रोजेक्टसाठी पोस्टग्रेस घ्या, फुकट आहे आणि कन्स्ट्रेंट्स (डेटावर घातलेल्या अटी) नीट पाळतं. आणि सरांना दाखवायचं असेल तर की नसलेल्या टेबलात तीच ओळ दोनदा टाकून दाखवा, पहिल्याच मिनिटात विषय निघेल.