वाचकांचे प्रश्न : जुने ग्राफिक्स कार्ड आणि काळा पडदा

प्रश्न : आमच्या वाचनालयातील संगणकावर लिनक्स मिंट आहे आणि त्यात एनव्हिडियाचे जीफोर्स २१० हे जुने कार्ड आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत केल्यापासून सुरुवातीला मिंटचे चिन्ह दिसते आणि मग काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. एका परिचितांच्या सांगण्यावरून ग्रबमध्ये (संगणक सुरू होताना कर्नल निवडून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘नोमोडसेट’ (पडद्याची मांडणी कर्नलने स्वतः करू नये, असा पर्याय) कायमचे लिहून ठेवले, तरी फरक पडला नाही. सगळे पुसून लिनक्स नव्याने घालावे का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : कृपया काहीही पुसू नका. तुमच्या कार्डासाठीच्या मालिकेतला ३४०.१०८ हा शेवटचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) एनव्हिडियाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. कर्नलची अंतर्गत रचना मात्र त्यानंतरही बदलत राहिली, त्यामुळे नव्या कर्नलवर त्या ड्रायव्हरचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, तयारच होत नाही. तो ड्रायव्हर बसवताना ‘नुव्हो’ या मुक्त ड्रायव्हरला मज्जाव केला जातो, म्हणजे आता जुना चालत नाही आणि दुसऱ्याला आत येता येत नाही. त्यात ‘नोमोडसेट’ नुव्होची वाट आणखी अडवते. हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो तात्पुरत्या उपयोगाचा आहे.

आधी खात्री करून घ्या. ग्रबच्या यादीतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडल्यावर डेस्कटॉप पूर्ववत दिसला, तर दोष हाच. तिथूनच वाचनालयाच्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

मग नव्या कर्नलवर या, कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा आणि अक्षरी पडद्यावर नाव व पासवर्ड देऊन ‘सुडो एपीटी पर्ज’ या आज्ञेने एनव्हिडियाची सर्व पॅकेजेस काढा (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या). लोक बहुधा इथेच थांबतात आणि पडदा काळाच राहतो, कारण ‘ईटीसी’ या सेटिंग्जच्या फोल्डरातील ‘एक्स११’ या फोल्डरात ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ नावाची जुनी फाइल उरलेली असू शकते. तिच्यात ड्रायव्हर म्हणून एनव्हिडियाचे नाव असेल, तर ग्राफिक्स सर्व्हर (पडद्यावर डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम) आता नसलेला ड्रायव्हर शोधतो आणि हार मानतो. ती पुसू नका, तिचे नाव बदला. ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरात नुव्होला ‘ब्लॅकलिस्ट’ करणारी ओळ राहिली असल्यास तिच्याआधी हॅशचे चिन्ह टाका. शेवटी ‘ईटीसी’च्याच ‘डीफॉल्ट’ फोल्डरातील ग्रबच्या फाइलमधून ‘नोमोडसेट’ हा शब्द काढा, ‘अपडेट-ग्रब’ आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ (उणे यू सह) या आज्ञा ‘सुडो’ लावून चालवा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

ग्रंथसूची, पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढ्यासाठी नुव्हो पुरेसा आहे. जड खेळांची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. आधीच्या कर्नलवर कायमचे राहणे मला पटत नाही, कारण त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतीलच असे नाही. इतके करूनही पडदा काळाच राहिला, तर ‘एक्सऑर्ग.०.लॉग’ या फाइलमधील कंसात ‘ईई’ लिहिलेल्या ओळी उतरवून आम्हाला कळवा.