दरवर्षी उपवासकाळात मटण सोडतो पण आत काहीच बदलत नाही, कॅथलिक माणसाने हा काळ नक्की पाळायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत मटण-चिकन बंद ठेवता, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेलाही, म्हणजे येशूच्या दुःखाच्या चौदा स्थानांवरच्या प्रार्थनेलाही जाता, पण कन्फेशनला, म्हणजे फादरांकडे पापांची कबुली द्यायला, जाऊन सहा वर्षं झाली आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यासारखं, तर चुकतंय कुठं. हे वाचून मला माझा २०१९ चा उपवासकाळ आठवला म्हणून लिहायला बसलो, थोडं लांबेल.

आधी नियमाचं बोलून घेतो कारण त्यात लय जणांचा गोंधळ असतो. ख्रिस्तसभेने सक्तीचा उपास फक्त दोन दिवस सांगितलाय, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही वयाच्या १८ पासून ५९ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे दिवसातून एकदा पोटभर आणि दोनदा अगदी थोडंसं. मांस वर्ज्य मात्र १४ च्या पुढच्या सगळ्यांना, या दोन दिवशी आणि शुक्रवारी. आजारी माणसाला, गरोदर बाईला उपासाची सक्ती नाही. आणि ४० दिवस कसे तर बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले की ४६ होतात, त्यातले ६ रविवार काढायचे. तेव्हा पूर्ण काळ मटण बंद ठेवणं हे तुम्ही नियमापेक्षा जास्तच करताय, ते सोडू नका, सोलापुरात राहून शीक आणि खाऱ्या मटणाच्या वासातून चाळीस दिवस काढणं साधं नाही हे मला माहितेय.

पण राखेच्या बुधवारी जे शुभवर्तमान वाचतात, मत्तयचा सहावा अध्याय, त्यात तीन गोष्टी आहेत, दान, प्रार्थना आणि उपास, आणि तिन्ही कुणाला दाखवायला करू नका म्हणून. त्याच दिवशी योएल संदेष्ट्याचं वाचन असतं, कपडे नको, काळजं फाडा असं. आपण काय करतो, तिन्हीतलं जे मोजता येतं ते धरून बसतो. मटण सोडलं की नाही हे मोजता येतं.

माझं तसंच होतं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचो. दर राखेच्या बुधवारी सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तसाच कामावर जायचो. आमच्यातले एक लिंगायत काका रोज विभूती लावून यायचे, ते म्हणायचे आज तुम्ही पण आमच्यात आला की. मला ते आवडायचं, त्यांना सांगायचो की आमच्यात ही गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख, आणि फादर लावताना म्हणतात तू माती आहेस आणि मातीला मिळशील. सगळ्यांना वाटायचं हा माणूस धार्मिक आहे. मलाही वाटायचं.

आता खरं सांगायचं ते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा कारखान्यात आठवड्याच्या पगाराला नोटाच नव्हत्या, मग कुणाला पाचशे आज, कुणाला हजार परवा, कुणाची उचल चिठ्ठीवर, कुणाची वहीत, असं चाललेलं. त्या गडबडीत टॉवेलला शिलाई मारणाऱ्या एका बाईची १५०० रुपयांची उचल माझ्याकडून दोनदा चढली, एकदा चिठ्ठीवरून एकदा वहीवरून, आणि तिच्या पगारातून दोनदा कापली गेली. ती आली माझ्याकडे. घरी तेलुगू, मराठी तोडकं, म्हणाली, सर मी एकदाच घेतलो की उचल. मी शिलाईच्या सगळ्या बायकांसमोर तिला म्हणालो, वही खोटं बोलत नाही, तू बोलतीयस. ती गप्प झाली. संक्रांतीनंतर कामावर यायची बंद झाली.

मार्चमध्ये हिशेब बंद करताना मला ती चूक सापडली. चिठ्ठी आणि वही शेजारी शेजारी ठेवली आणि एका मिनिटात कळलं. आणि मी गप्प बसलो. मालकाला सांगितलं असतं तर त्या दोन-तीन महिन्यांच्या सगळ्या उचली परत तपासायला लागल्या असत्या, बोलणी बसली असती ती वेगळी, म्हणून ते पंधराशे दुसऱ्या एका फरकात जिरवून टाकले. खिशात घातले नाहीत, एवढ्यावर मी स्वतःला चांगलं समजून घेतलं.

तो मार्च म्हणजे उपवासकाळच होता बरं का. २०१७ चा गेला, २०१८ चा गेला, दोन्ही वर्षी मी मांस सोडलं, चहा पण सोडला, कन्फेशनलाही गेलो, आणि तिथं काय सांगितलं तर राग आला, खोटं बोललो, दोनदा मिस्सा चुकवली. लहानपणी शिकलेली यादी. त्या यादीत ती बाई कुठंच नव्हती.

२०१९ ला राखेचा बुधवार ६ मार्चला होता. त्यानंतरच्या एका शुक्रवारी क्रुसाच्या वाटेत दहाव्या स्थानाला आलो, जिथं येशूचे कपडे काढून घेतात, सगळ्या लोकांसमोर, आणि मला एकदम ती शिलाईची खोली दिसली, मशिनी थांबलेल्या आणि सगळ्या बायका तिच्याकडं बघतायत. उरलेली चार स्थानं मी कशी म्हणली मला आठवत नाही. संपल्यावर फादर कन्फेशनला बसले होते, गेलो आणि पहिल्यांदा ते सांगितलं, रकमेसकट.

फादरनी फक्त विचारलं, ती आता कुठं असते. मला सांगता येईना. मग ते म्हणाले पैसे मालकाच्या गल्ल्यात गेले का तुझ्या खिशात ते नंतर बघू, कापले तू, आणि तिचं नाव जिथं खराब केलंस तिथंच नीट कर. पापक्षमा त्यांनी लगेच दिली, आधी देऊन ये मग बघतो असं नाही केलं, हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं भरपाई म्हणजे क्षमेची किंमत. देवाची क्षमा विकत मिळत नाही. पण परत करायचा निश्चय खरा असायला लागतो, आणि क्षमा मिळाली म्हणून तिचे पंधराशे तिच्याकडे आपोआप जात नाहीत. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या पुस्तकात, १४५९ व्या परिच्छेदात हे साफ दिलेलं आहे, चोरलेलं परत करा, ज्याची बदनामी केली त्याचं नाव परत मिळवून द्या. प्रायश्चित्ताच्या संस्कारात, म्हणजे कन्फेशनमध्येच, पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई असं सगळं धरलेलं आहे, आपण कबुलीवर थांबतो आणि तीन नमो मरिया म्हणून बाहेर पडतो.

शिलाईच्या एका जुन्या बाईकडून पत्ता काढला, हैदराबाद रोडला विडी घरकुलात. पहिल्या रविवारी घर सापडलं नाही. दुसऱ्या रविवारी सापडलं, एप्रिलचं ऊन, ती उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं की चूक माझी होती, मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं आणि मी बोललो नाही. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार चौपट परत देतो म्हणतो, माझी तेवढी ऐपत नव्हती, मी तीन हजार नेले होते. तिने मोजून पंधराशे घेतले, बाकीचे माझ्याकडं सरकवले, म्हणाली, माझं एवढंच. मग म्हणाली, तिथल्या बायकांना सांगा. फादरनी सांगितलेलं तेच तिने सांगितलं, तिला फादर माहीत नाहीत का काय नाही. पाणी दिलं मला. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही, ते मागायचा मला हक्क आहे असं मला वाटलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शिलाईच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्या दिवशी जेवढं घाबरलो तेवढा आयुष्यात कधी घाबरलो नसेन. मग मालकाला सांगितलं, ते चिडले, त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून उचल लिहिताना घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा समोरासमोर घ्यायचा असं मी सुरू केलं.

तर तुमचा प्रश्न, चुकतंय कुठं. तुमच्या आयुष्यात काय आहे ते मला माहीत नाही, पण मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. रात्री मोबाईल बाजूला ठेवून पंधरा मिनिटं बसा, आणि दहा आज्ञांची यादी नंतर घ्या, आधी माणसं घ्या, घरातली, कामावरची, भाऊबंद, ज्यांच्याशी बोलणं बंद आहे ती. एक कुणीतरी असं असतं की ज्याचं नाव आलं की मन पटकन पुढच्या नावावर उडी मारतं. तिथं थांबा. ५१ वं स्तोत्र त्याच्या आधी एकदा वाचा, दाविदाचं म्हणून वाचतात ते, त्याने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं त्यानंतरचं, म्हणजे आपल्यापेक्षा मोठ्या पापातून माणूस कसा बोलतो ते कळेल.

उपासाचं पण मला तेव्हापासून वेगळं वाटतं. पोटात भूक असली की आपण तेवढे खरे राहतो, निदान मी राहतो, पोटभर जेवल्यावर सगळं क्षम्य वाटायला लागतं. आणि मटणाचे जे पैसे वाचतात ते घरातच राहिले तर उपास अर्धाच झाला, ते बाजूला काढून गरजू माणसाला द्या, नाहीतर चर्चमध्ये उपवासकाळाची पेटी असते तिच्यात टाका. २०२६ ला तर महाशिवरात्र, राखेचा बुधवार आणि रमजान सगळं एकाच आठवड्यात आलं, आपल्या गल्लीत तीन घरांत तीन देवांसाठी उपास, आणि रोजा धरणारे आमचे शेजारी जकातीचा हिशेब किती चोख करतात ते मी बघतो, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

सहा वर्षांनी कन्फेशनला जायची लाज वाटतेय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. गेल्या गेल्या क्रुसाची खूण करून तेच सांगा, फादर सहा वर्षांनी आलोय, पद्धत विसरलोय. ते एकेक विचारत नेतात. गंभीर पापं असतील ती काय आणि साधारण किती वेळा एवढं सांगायचं, गोष्ट रंगवायची नाही, दुसऱ्याची पापं सांगायची नाहीत. तुम्ही सांगितलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, बिशपनाही नाही, पोलिसांनाही नाही, सांगितलं तर ते स्वतः ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतात इतकं ते कडक आहे. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसली तर आपल्या शब्दांत म्हणा. आणि पवित्र आठवड्यापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यापर्यंत, थांबू नका, झावळ्यांच्या रविवारनंतर रांग लांब असते आणि फादरांकडे प्रत्येकाला द्यायला वेळ कमी, त्याच्या आधीच्या एखाद्या शुक्रवारी क्रुसाची वाट झाली की घरी न जाता थांबा, किंवा मधल्या वारी फोन करून वेळ घ्या, नाही म्हणत नाहीत.