रोमा तरुणांचं शिबिर: भाषणकला कमी, मतपत्रिका जास्त

स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरात शिकता शिकता रोमा (युरोपभर विखुरलेला, मुळात भारतातून गेलेला समाज) तरुणांच्या नेतृत्व-शिबिरात मदत करणार आहात आणि तीन दिवसांत काय शिकवावं, असं विचारलंत. पूर्व स्लोव्हाकियात अशा शिबिरांत काम केलंय, म्हणून लिहितो.

तुमच्या आराखड्यात दोन दिवस वक्तृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकासाला दिलेत. एका सकाळीत उरका. ही पोरं बोलायला कमी नसतात. दवाखान्यात, शाळेत, पोलिसांसमोर घरच्यांची बाजू लहानपणापासून तीच मांडत आलेली असतात. अडतं ते निवडणुकीच्या गणितापाशी.

पहिल्या दिवशी कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आपला रोमा पक्ष काढू.’ फळ्यावर हिशोब मांडा. संसदेसाठी अख्खा देश एकच मतदारसंघ, जागा १५०, आणि पक्षाला किमान ५ टक्के मतं हवीत. रोमा लोकसंख्येचा अंदाज सात-आठ टक्क्यांचा, पण त्यात मतदानाच्या वयाखालची मुलं भरपूर, मतदान कमी आणि तेही विखुरलेलं. मग यादी दाखवा. मतदार एका पक्षाची यादी निवडून तिच्यातल्या चार उमेदवारांवर खूण करू शकतो. २०१०मध्ये एका पक्षाच्या यादीत तळाला, १४७ ते १५० क्रमांकांवर असलेले चौघे याच खुणांच्या जोरावर निवडून आले. पेटर पोल्लाक २०१२मध्ये स्वतंत्र स्लोव्हाकियाच्या संसदेतले पहिले रोमा खासदार झाले, तेही मोठ्या पक्षाच्या यादीतून. २०१९ला ते युरोपीय संसदेत गेले. हे कळलं की पोरं आपोआप विचारतात, ‘मग यादीत नाव घालायला कोणाला भेटायचं?’ खरं शिबिर तिथून सुरू होतं.

तरी माझा भर गावच्या कौन्सिलवर. अपक्षालाही गावातल्या मतदारांच्या सह्या गोळा करून उभं राहता येतं, आणि रोमा सरपंच कित्येक गावांत झालेत. २०११पासून सरकारी आणि नगरपालिकांचे करार इंटरनेटवर टाकणं बंधनकारक आहे, त्याचा फायदा घ्या. प्रत्येकाने आपल्या गावचा एक करार शोधून मोठ्याने वाचायचा. एका शिबिरात एकोणीस वर्षांच्या मुलीने कचऱ्याचा करार काढला. गावात गाडी दर आठवड्याला, तिच्या वस्तीत मात्र पंधरवड्याने. कौन्सिलच्या बैठकीत जाऊन तिने तेवढंच विचारलं. ‘पुढच्या बैठकीत बघू,’ असं उत्तर मिळालं. पुढच्या बैठकीला ती पुन्हा हजर, सोबत आत्या आणि शेजारीण.

दुसरा न टाळण्याजोगा विषय म्हणजे मतखरेदी. वस्तीतला सावकार व्याजात अडकलेल्या घरांची मतं फिरवतो. संसदेच्या निवडणुकीत मतदाराला सगळ्या पक्षांच्या वेगवेगळ्या मतपत्रिका मिळतात. एक पाकिटात घालायची, उरलेल्या तिथल्याच पेटीत टाकायच्या. मत विकत घेणारा पुरावा म्हणून उरलेल्या बाहेर आणायला लावतो; कोणती कमी आहे त्यावरून मत कोणाला दिलं ते कळतं. त्या बाहेर नेणं दंडनीय आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. इथे उपदेश करू नका. समोर बसलेल्याच्या काकानेही पैसे घेतलेले असू शकतात. ‘काकाला काय सांगशील?’ याचं नाटुकलं बसवा. हसत हसत खरं बाहेर येतं.

मुली हव्या असतील तर लेकरं सांभाळायला माणूस ठेवा. बक्षिसं-प्रमाणपत्रं राहिली तरी चालतील.

आणि पहिल्याच दिवशी ‘तुम्ही मूळचे आमच्याकडचे’ म्हणत गळ्यात पडू नका. ‘भारतात परत जा’ ही शिवी यांनी ऐकलेली असते. त्यांनीच विषय काढला तर मात्र हंगेरीत शायोकाझा इथे सुरू झालेल्या डॉ. आंबेडकर शाळेबद्दल जरूर सांगा. ‘जय भीम’ म्हणणाऱ्या रोमा आणि बिगर-रोमा कार्यकर्त्यांनी ती २००७मध्ये काढली, शिक्षण अर्धवट सुटलेल्या तरुणांना बारावीपर्यंत नेण्यासाठी. सीमा ओलांडली की मिश्कोल्त्स शहराच्या भागातच ते गाव आहे. जमलं तर शिबिराच्या आधीच, शाळा सध्या कुठे भरते ते विचारून आणि कळवून, एक चक्कर मारा.