अमेरिकेतल्या वणव्यात जळालेलं मृत्युपत्र

प्रश्न, थोडक्यात: दांडिया बाजारातलं घर वडिलांनी मृत्युपत्र करून मला दिलं. वडील ऑगस्ट २०२२ मध्ये गेले. त्या डिसेंबरात थोरला भाऊ बडोद्याला आला आणि ‘तिकडे सुरक्षित राहील’ म्हणून मूळ विल कॅलिफोर्नियाला घेऊन गेला. जानेवारी २०२५ च्या वणव्यात आल्टाडिनाचं त्याचं घर पार जळालं, विलही गेलं. आता पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, विलच राहिलं नाही तर तिघांना सारखे वाटे. तशी वकिलाची नोटीस आली आहे. विल नोटरी केलेलं होतं, मोबाईलवर त्याचे फोटो आहेत. काय करू?

ताई, तुमच्या चार पानी पत्रात तीन पानं धाकट्या भावाच्या स्वभावावर खर्ची पडली आहेत. त्याच्या स्वभावावर कोर्ट निकाल देणार नाही. मला हवी होती ती ओळ शेवटच्या पानावर, तीही कंसात सापडली: “दोन साक्षीदारांपैकी एक काका वारले, दुसरे कारेलीबागेत असतात, वय ८४.” तुमची सगळी केस त्या कंसात आहे.

आधी नोटिशीतला मुद्दा बाजूला काढू, कारण त्यात दम नाही. “मूळ विल जळाल्याने ते रद्दबातल झाले आहे” असं वकीलसाहेबांनी ठोकून दिलंय. जाळण्याने विल रद्द होतं, हे खरं. इंडियन सक्सेशन अ‍ॅक्ट, १९२५ च्या कलम ७० मध्ये जाळणं, फाडणं हे शब्द आहेतच. पण पुढची अट त्यांनी सोयीस्कर गाळली. जाळणारा स्वतः विल करणारा हवा, नाहीतर त्याच्या समक्ष आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या कोणी जाळलेलं हवं. शिवाय हेतू रद्द करण्याचाच हवा. तुमचे वडील २०२२ मध्ये गेले. भावाचं घर ज्यात गेलं ती ईटन कॅन्यनची आग ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लागली. गेलेला माणूस अडीच वर्षांनी विल रद्द करू शकत नाही.

विल सापडत नसेल तर ते करणाऱ्यानेच नष्ट केलं असावं, असंही एक गृहीतक कोर्टं धरतात. पण ते विल शेवटी त्याच्याच ताब्यात असेल तर. तुमच्याकडे ते वडिलांच्या मागे थोरल्या भावाच्या हाती गेलं. तो मुद्दाही इथेच संपतो.

आता कलम २३७. विल करणाऱ्याच्या मृत्यूनंतर विल हरवलं, किंवा अपघाताने नष्ट झालं, आणि त्याची नक्कल अथवा मसुदा शिल्लक असेल, तर त्या नकलेवर किंवा मसुद्यावर प्रोबेट, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळू शकतं. मसुदा हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे परत येतो. कलम २३८ आणखी पुढे जातं: नक्कल नाही, मसुदाही नाही, तरी मजकूर पुराव्याने शाबीत करता आला तर प्रोबेट. म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलंय. त्या दारातून आत जायला मात्र साक्षीदार लागतो.

विलावर किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ते कोर्टात शाबीत करायला त्यातला एक तरी, हयात असेल तर, तपासावाच लागतो. पूर्वी हे पुराव्याच्या कायद्याच्या कलम ६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. दोन्ही साक्षीदार गेले तर याच नव्या अधिनियमाच्या कलम ६८ ची पळवाट आहे: एका साक्षीदाराची आणि विल करणाऱ्याची सही ओळखून दाखवायची. मूळ कागद हातात असता तर मी इतकी घाई केली नसती. पण तुमच्याकडे कागदच नाही. मोबाईलच्या फोटोतली सही हस्ताक्षरतज्ज्ञापुढे ठेवाल, तर समोरचा वकील दहा मिनिटांत तिची चाळण करेल. कारेलीबागेतले काका आहेत तोवर “माझ्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर मी केली” हे एक वाक्य तुमच्याकडे आहे. ते गेले की ते वाक्य कुठूनही विकत मिळणार नाही.

तुम्ही लिहिता, “भावाने दावा केला की मग उत्तर देऊच.” हे अजिबात करू नका. बडोद्यात प्रोबेट घ्यायची सक्ती कधी नव्हती. ती कटकट २०२५ पर्यंत मुंबई, कोलकाता, चेन्नईवाल्यांची होती. त्यामुळे वाटणीच्या दाव्यात बचाव म्हणून विल पुढे करता येतं, हे तुमच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते चूक नाही. पण धाकटा भाऊ दावा लावणार कधी, समन्स बजावणार कधी, मुद्दे निघणार कधी, आणि तुमच्या साक्षीदाराचा नंबर लागणार कधी? दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तारखेवर तारीख घेणं कोणालाही जमतं. भावाच्या वकिलाला नुसतं थांबायचंय. ८४ वर्षांच्या माणसासमोर थांबणाऱ्याचंच पारडं जड असतं.

म्हणून अर्ज तुम्ही करा, जिल्हा न्यायालयात, २३७ आणि पर्यायाने २३८ खाली. विलात एक्झिक्युटर, म्हणजे विल अमलात आणणारा माणूस, नेमला असेल तर प्रोबेट त्याने मागायचं, नसेल तर तुम्ही विल जोडून प्रशासनपत्र, म्हणजे तेच काम करण्याचा कोर्टाचा अधिकार, मागायचं. तुमच्या पत्रावरून हे कळत नाही. आणि मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १८, रूल १६ खाली दुसरा अर्ज: साक्षीदाराचं वय आणि प्रकृती पाहता त्याची साक्ष लगेच नोंदवावी. काकांना कोर्टाचे जिने चढवत नसतील तर ऑर्डर २६ खाली कमिशनर घरी जाऊन साक्ष घेतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. धाकट्या भावाला रीतसर नोटीस बजावून उलटतपासाची संधी मिळाली पाहिजे, नाहीतर त्या साक्षीचं वजन उरणार नाही. आज घरी बसून काकांकडून शंभराच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घ्याल, तर ते फाईलला बरं दिसेल. उलटतपासाविना त्याचा उपयोग तेवढाच.

आता फोटोंकडे. तुम्ही पाठवलेले पाहिले. पहिलं पान स्वच्छ. तिसऱ्यावर वडिलांची सही, खाली दोन साक्षीदार, कोपऱ्यात नोटरीचा शिक्का अर्धा कापलेला. दुसरं पान नाहीच. आणि घर कोणाला, हे तुमच्याच म्हणण्यानुसार दुसऱ्या पानावर होतं! फोटो काढताना मधलं पान राहतं कसं, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल, पण कोर्टाला ते सांगून भागणार नाही.

इथे मसुदा कामाला येतो. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की वडिलांच्या डायरीत विलाचं ‘रफ’ आहे, पण खाडाखोड फार म्हणून पाठवलं नाही. ताई, ती खाडाखोडच हवी आहे. नेटक्या टाईप केलेल्या कागदावर कोणीही शंका घेतो. एखाद्या नावावर रेघ मारून वर दुसरं लिहिलेलं, शाई बदललेली, मागच्या पानावर दुधाचा हिशेब, असं म्हाताऱ्या माणसाच्या हातचं पान बनवून आणणं अवघड असतं. डायरी अख्खी ठेवा. पान फाडू नका, लॅमिनेट करू नका, स्वतःच्या हाताने त्यात एक अक्षरही ‘स्पष्ट’ करू नका. रफमधलं पहिलं आणि शेवटचं पान फोटोतल्या मजकुराशी जुळलं, तर मधलंही तेच होतं असं म्हणायला जागा मिळते. न जुळल्यास प्रकरण जड जाईल, हेही सांगून ठेवतो. मजकूर मराठीत आहे, तेव्हा भाषांतर जोडावं लागेल. ते घरच्या कोणाकडून करून घेऊ नका.

ज्या मोबाईलमध्ये फोटो आहेत तो विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं, फाईलच्या हॅश व्हॅल्यूसकट (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). नोटरी हयात असतील तर त्यांच्या रजिस्टरमधली नोंद शोधा. वडिलांची सही तिथेही असायला हवी. विल अस्तित्वात होतं, हे सांगणारा तो त्रयस्थ कागद आहे.

मात्र नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हापासून मी हे सांगत आलोय. लगदा झालेले दस्तावेज घेऊन लोक आले होते. ज्यांचा दस्तावेज नोंदलेला होता त्यांना सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित नक्कल मिळाली, विषय संपला. नोटरीचा शिक्का मारून विल कपाटात ठेवणारे रडत बसले. विलाला स्टँप ड्युटी नाही, नोंदणीची फी किरकोळ. नोंदवायचं नसेल तर रजिस्ट्रारकडे सीलबंद पाकिटात ठेवायची सोय नोंदणी कायद्याच्या कलम ४२ मध्ये १९०८ पासून आहे. वडिलांच्या हयातीत एक सकाळ खर्च केली असती, तर मूळ कागद तेरा हजार किलोमीटर लांब न्यायची कोणाला गरज पडली नसती.

थोरल्या भावाचं काम तिकडचं. “जळालं” एवढं म्हणून भागत नाही, ते शाबीत करावं लागतं. सुदैवाने तिथलं सरकारी दप्तर चांगलं आहे. कॅलिफोर्नियाच्या अग्निशमन खात्याने पत्त्यागणिक नुकसानीची पाहणी केली. पन्नास टक्क्यांहून जास्त नुकसान झालेलं घर त्यात ‘उद्ध्वस्त’ म्हणून नोंदवलेलं असतं. त्या एका आगीत नऊ हजारांहून जास्त बांधकामं गेली, त्यामुळे आग लागली होती का यावर कोणी वाद घालणार नाही. वाद होईल तो ‘कागद घरात होते का, आणि होते तर काढले का नाहीत’ यावर. भाऊ लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेला राहायचा, असं तुम्ही लिहिलंय. त्या भागाला घरं सोडण्याचा हुकूम पहाटे तीननंतर आला, तोवर ज्वाळा गल्लीत होत्या. हे तिथल्या चौकश्यांमध्ये नोंदलं गेलंय. मुलांना गाडीत घालून निघालेला माणूस कागद शोधत बसला नाही, यात कोर्टाला नवल वाटू नये.

राहिली ‘फायरप्रूफ’ पेटी. घरगुती पेट्या बहुतेक अर्धा-एक तासाच्या हमीच्या असतात, आणि तिथली घरं रात्रभर धुमसत होती. पेटी उघडल्यावर काळी खपली निघाली म्हणता, तिचा फोटो आहे का? ढिगारा तर लष्कराच्या अभियंत्यांनी कधीच उचलून नेला. फोटो, विमा कंपनीला दिलेली वस्तूंची यादी, ढिगारा हलवण्यासाठी सही केलेलं परवानगीपत्र, जे असेल ते तारखेसह काढा. विम्याच्या यादीत ‘वडिलांचे कायदेशीर कागद’ अशी एक ओळ सापडली तर सोन्याहून पिवळं, कारण ती या भांडणाच्या आधी लिहिलेली असेल. प्रतिज्ञापत्र तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर राज्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी दाखला, घ्यावं.

थोरल्या भावाच्या साक्षीला आणखी एक वजन आहे. विल टिकलं तर त्याचा तिसरा हिस्सा जातो. स्वतःचं नुकसान करणारी साक्ष कोर्ट सहसा गंभीरपणे घेतं. मग आत्ताच त्याच्याकडून हक्कसोड का घेऊ नये, असं तुम्ही विचारलंय. घेता येईल, आणि वाईटात वाईट झालं तरी दोन तृतीयांश हाती राहील. पण बिनशर्त हक्कसोड म्हणजे त्याला हिस्सा होता, हे तुम्हीच कबूल केल्यासारखं. ‘विलावरील हक्कास बाधा न येता’ हे शब्द मसुद्यात नसतील तर सही करू नका. त्यासाठी तिकडून मुखत्यारपत्र आलं, तर इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टँप भरायचा असतो.

मुदतीबद्दल मी छातीठोक बोलणार नाही. प्रोबेटच्या अर्जाला मुदतीच्या कायद्याचं अनुच्छेद १३७, म्हणजे तीन वर्षं लागतात, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये कुंवरजीत सिंग खंडपूर प्रकरणात म्हटलंय. मृत्यूपासून मोजली तर ती ऑगस्ट २०२५ मध्येच संपली. पण मुदत मृत्यूच्याच दिवशी सुरू होते असं नाही, अर्ज करण्याची गरज केव्हा उभी राहिली ते पाहतात, आणि विलावर पहिली हरकत या नोटिशीने आली, असा आपला युक्तिवाद राहील. टिकेल असं वाटतं. आणखी सहा महिने घालवून मात्र तो पुढे करू नका.

सिटी सर्व्हेत तिघांची वारसनोंद झाल्याने घाबरू नका, त्या नोंदीने मालकी ठरत नाही. घर वडिलांच्या कमाईचं होतं हे दाखवणारा खरेदीचा दस्तावेज काढून ठेवा. वडिलोपार्जित निघालं तर सगळाच हिशेब बदलतो. कोर्टात प्रकरण दाखल झालं की त्याची लिस पेंडन्सची, म्हणजे या घरावर प्रकरण चालू असल्याची, नोटीस नोंदवून घेण्याबद्दल वकिलांना विचारा. जुन्या मुंबई राज्याच्या दुरुस्तीमुळे आपल्याकडे ती नोंदवावी लागते, नाहीतर मधल्या काळात भावाने हिस्सा विकला तर घेणाऱ्याला अडवणं कठीण होतं.

विल करताना तुम्ही वडिलांसोबत नोटरीकडे गेला होतात का, हे पत्रात टाळलंय. गेला असाल तर वकिलांना आधी सांगा. ज्याला फायदा होतो तोच तिथे हजर असेल तर कोर्ट संशयाने पाहतं. त्याचं उत्तर तयार ठेवता येतं, पण उलटतपासात पहिल्यांदा बाहेर आलं तर नाही.

नोटिशीला उत्तर या आठवड्यात जाऊ द्या, दोन परिच्छेदांत: विल आहे, ते रद्द झालेलं नाही, वाटणी मान्य नाही. साक्षीदाराचं नाव त्यात घालू नका. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाकट्या भावाशी चाललेला वाद आजपासून बंद. परवा तुम्ही तिथे लिहिलंत, “विल नसलं तरी घर माझंच.” त्यातले पहिले तीन शब्द तो वकिलाला दाखवणार.