लोकायुक्तांकडे तक्रार केली तर सरकारी खात्यावर खरंच कारवाई होते का?

होऊ शकते, पण लोकायुक्त स्वतः कुणाला शिक्षा करत नाहीत. चौकशी करून खात्याला शिफारस करतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या लोकायुक्त कायद्यातच तसं आहे. समाधानकारक कारवाई झाली नाही तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, तो पुढे विधिमंडळासमोर जातो. अडकलेलं पेन्शन, रखडलेला दाखला अशा कामांना माझ्या मते एवढा धाक पुरतो. खुलासा लिहायची वेळ आली की फाइल हलते. मुदत मात्र सांभाळा: गाऱ्हाणं असेल तर कळल्यापासून १२ महिने, भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर घटनेपासून ३ वर्षं. आणि कोर्टात दाद मागण्याची सोय असेल, तर गाऱ्हाणं सहसा घेत नाहीत.