पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात नट आहे, आता दिग्दर्शन शिकायचंय. अमोल पालेकरांचं काम कुठून पाहू?

भाऊ, 'गोलमाल'पासून नको. त्यात ते फक्त नट, दिग्दर्शन हृषीकेश मुखर्जींचं. 'आक्रीत' (१९८१) घ्या. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या हत्याकांडावरची विजय तेंडुलकरांची पटकथा, पालेकरांचं पहिलं दिग्दर्शन. 'रजनीगंधा'तली साधा-सरळ माणूस ही प्रतिमा त्यांनी इथे स्वतःच मोडली.

मग 'थोडासा रूमानी हो जायें' (१९९०). दुष्काळी गावात पाऊस पाडतो म्हणणारा नाना पाटेकर, पद्यासारखे लांबलचक संवाद. वडशाच्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्याला हा जवळचा वाटेल. एकदा आवाज बंद करून पाहा, लांब संवादात कॅमेरा कधी नटावर थांबतो अन् कधी ऐकणाऱ्यावर जातो ते कळेल. 'बनगरवाडी' (१९९५) त्यानंतरच. तिथे माळरानच अर्धं बोलतं. 'पहेली' (२००५) ऑस्करला गेला खरा, पण त्याचा थाट आपल्या खिशाबाहेरचा.

झाडीपट्टीतून येणाऱ्याची गाडी दोन जागी अडते. एक, प्रॉम्प्टरची, म्हणजे आडून वाक्य पुरवणाऱ्याची सवय: क्लोजअपमध्ये वाक्य शोधणारे डोळे लगेच पकडले जातात, म्हणून पाठांतर शूटिंगआधीच. दुसरं, दिग्दर्शक झालेला नट प्रत्येकाला स्वतः करून दाखवतो. मग सगळी पात्रं त्याच्यासारखीच बोलतात.