आधी प्राण्याचं वर्ष, मग खाणीचा नकाशा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

कोळसा खाण आणि तिच्यावर चालणारं वीजकेंद्र यांचा संकटग्रस्त प्रजातींवर काय परिणाम होईल, हे तपासणाऱ्या चमूत तुझी निवड झाली हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कुठून करायची, असं तू विचारलं आहेस. आत्ता तुझ्यासमोर प्रकल्पाचा नकाशा असणार. त्यावर खाणपट्ट्याची सीमा आणि भोवती काही किलोमीटरचं वर्तुळ आखलेलं असणार. तो नकाशा थोडे दिवस बाजूला ठेव. यादीतला एकेक प्राणी घे आणि त्याचं वर्ष लिहून काढ. तो पाणी कुठे पितो, वीण कुठे होते, पिल्लं कशावर जगतात, कोरड्या दिवसांत कुठे सरकतो आणि कोणत्या वाटेने परततो. हे लिहून झालं की प्रत्येक टप्प्यावर खाण किंवा वीजकेंद्र त्याला कुठे गाठतं ते बघ. वर्तुळ आधी आखलं, तर वर्तुळाबाहेर घडणारं काहीच तुझ्या अहवालात येणार नाही.

इंडियाना वटवाघळाचं उदाहरण घे. अमेरिकेत त्याला १९६७ पासून संरक्षण आहे. हिवाळाभर ते गुहांमध्ये आणि सोडून दिलेल्या जुन्या खाणींमध्ये झोपतं. उन्हाळ्यात माद्या वाळलेल्या झाडांच्या सुटलेल्या सालीखाली एकत्र राहून पिल्लं वाढवतात. म्हणजे खाणीसाठी जंगल हिवाळ्यात तोडलं तर एकही वटवाघूळ मरत नाही, अहवालात ‘थेट हानी शून्य’ असं लिहिता येतं आणि ते खरंही असतं. पण वसंतात परतणाऱ्या गाभण मादीला तिची झाडं सापडत नाहीत, ते या शून्यात कुठेच दिसत नाही. उलट बाजूही आहे. जुन्या खाणीचं तोंड सुरक्षेसाठी माती टाकून बुजवलं की आतली झोपलेली वसाहत गाडली जाते. म्हणून अशा तोंडांना वटवाघळं ये-जा करू शकतील अशा आडव्या गजांची दारं बसवतात. जुनी खाण बुजवून टाकणं नेहमी चांगलंच असतं, असं गृहीत धरू नकोस.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण फसगत इथेच सगळ्यात जास्त होते. उत्तर कॅरोलिनात बेल्यूज नावाचा जलाशय आहे. १९७४ पासून तिथल्या कोळसा वीजकेंद्राच्या राखेच्या तलावातलं पाणी त्यात जाऊ लागलं. राखेतून सेलेनियम हे मूलद्रव्य आलं. पाण्यातलं त्याचं प्रमाण लिटरला साधारण १० मायक्रोग्रॅम, म्हणजे अमेरिकेत आज पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच आत. पण शेवाळात, किड्यांत आणि मग माशांत ते शेकडो-हजारो पटींनी साठत गेलं. मोठे मासे वरून धडधाकट दिसत. विष अंड्यांत उतरत होतं. पिल्लं वाकड्या कण्याची निघत, नाहीतर जगतच नसत. काही वर्षांत जलाशयातल्या २० पैकी १९ जाती नाहीशा झाल्या. त्या काळात कोणी फक्त पाण्याचा नमुना तपासला असता किंवा जाळं टाकून मोठे मासे मोजले असते, तरी पहिली काही वर्षं त्याला सगळं ठीकच दिसलं असतं.

यातून दोन गोष्टी पक्क्या धर. पहिली म्हणजे माणसाच्या पिण्याच्या पाण्याचं मानक माशाला लावू नकोस. दुसरी, विष जिथे साठतं तिथेच मोज. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये सेलेनियमची गोड्या पाण्यासाठीची मर्यादा बदलली तेव्हा हेच केलं. माशाच्या अंड्यांत किंवा अंडाशयात कोरड्या वजनाच्या किलोमागे १५.१ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आणि पाण्यातल्या आकड्यापेक्षा तिला वरचं स्थान दिलं. पाण्याच्या मर्यादाही दोन ठेवल्या. वाहत्या पाण्याला लिटरला ३.१ मायक्रोग्रॅम, साठलेल्या पाण्याला १.५. साठलेल्या पाण्यात सेलेनियम अन्नसाखळीत जास्त शिरतं, म्हणून तिथे कडक. तुझ्या अभ्यासक्षेत्रात तलाव आणि ओढा दोन्ही असतील, तर दोन्हींना एकच आकडा लावलेला चालणार नाही.

पाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. चिमणीतून निघणाऱ्या पाऱ्याचा एक भाग जवळच पडतो, पण वायुरूप पारा महिनोन्महिने हवेत राहून फार दूर जाऊ शकतो. पाणथळीच्या चिखलात सूक्ष्मजीव त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे शरीरात साठत जाणाऱ्या रूपात, रूपांतर करतात आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत व सस्तन प्राण्यांत तो चढत जातो. म्हणून प्रकल्पापासून लांबची पाणथळही नुसत्या अंतरावरून वगळू नकोस. तिथे मासेखाऊ प्राणी आहेत का ते आधी बघ, अंतर मग.

खाणीच्या बाजूला येताना खड्ड्यापेक्षा ओव्हरबर्डनकडे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या दगड-मातीकडे, जास्त लक्ष दे. अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगरांत माथे उडवून निघालेला दगड-मुरूम दऱ्यांत टाकला गेला. त्या ढिगातून झिरपलेल्या क्षारांनी खालच्या ओढ्यांतले मेफ्लायसारखे किडे नाहीसे होऊ लागले. पाण्यात क्षार वाढले की त्यातून वीज जास्त सहज वाहते, म्हणूनच २०११ मध्ये तिथल्या ओढ्यांसाठी विद्युतवाहकतेची ३०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर ही संदर्भपातळी सुचवली गेली. हे मोजायला हातातलं एक स्वस्त उपकरण पुरतं, तेव्हा ते सतत खिशात ठेव. तिथल्याच ग्वायंडॉट नदीतला क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी, २०१६ मध्ये संकटग्रस्त जाहीर झाला. त्याचा निवारा म्हणजे ओढ्याच्या तळातले मोठे चपटे दगड आणि त्यांच्या खालची मोकळी फट. वरून गाळ वाहून आला की ती फट भरते. पाणी मागाहून नितळ झालं तरी घर गेलेलं असतं. ओढ्यावर गेलीस की एक दगड उचलून खाली हात घाल. बोटं मोकळी आत गेली की गाळात रुतली, हे वहीत लिही आणि दगड होता तसा परत ठेव.

भूमिगत खाणीत वरचं जंगल उभं राहतं, त्यामुळे परिणाम नाही असं वाटतं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला वाळूखडकावर पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदली आहेत. लाँगवॉल पद्धतीने, म्हणजे कोळशाचा लांबलचक पट्टा सलग कापत जाऊन, खालचा थर काढला की वरचा खडक खचून तडकतो आणि दलदलीचं पाणी त्या भेगांतून उतरून जातं. तिथे एक मोठा चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि ब्लू माउंटन्समधली एक सापसुरळी या दलदलींवरच जगतात. दलदल सावकाश वाळते, म्हणून प्रकल्पानंतर वर्ष-दोन वर्षांत संपणारी देखरेख इथे निरर्थक ठरते.

पाहणीबद्दल एक हिशोब मांडतो. प्राणी जागेवर असेल तेव्हा एका फेरीत तो दिसण्याची शक्यता दहात तीन धर. तीन फेऱ्या मारल्या तरी तो तिन्ही वेळा निसटण्याची शक्यता ३४ टक्के उरते. आठ फेऱ्यांनंतर ती सहा टक्क्यांच्या आत येते. लाजाळू, निशाचर, विरळ प्राण्यांसाठी दहात तीन हे प्रमाणही उदारच. त्यामुळे ‘आढळला नाही’ असं लिहिशील तेव्हा किती फेऱ्या, कोणत्या ऋतूत, कोणत्या पद्धतीने, हे त्याच परिच्छेदात लिही. एकाच ऋतूत केलेली पाहणी वर्षाचा पुरावा म्हणून पुढे आली, तर हरकत घे. गुराखी आणि मासेमार वर्षभर तिथे असतात. त्यांना ‘हा प्राणी इथे आहे का’ असं विचारू नकोस. ‘शेवटचा कधी पाहिलात, काय करत होता’ असं विचार.

क्षेत्रफळाच्या टक्केवारीपासूनही सावध राहा. ‘प्रकल्पाला जंगलाचा फक्त दोन टक्के भाग लागेल’ हे वाक्य तुला भेटेलच. तो भाग दोन जंगलांना जोडणारा चिंचोळा पट्टा असेल, तर दोन टक्क्यांत भ्रमणमार्ग संपतो. खाणीसोबत रेल्वेचा फाटा, कन्व्हेयर, ट्रकचा रस्ता, राखेचा तलाव आणि वीजवाहिन्या येतात. शेजारच्या खाणीही असतात. हे सगळं एकाच नकाशावर आणल्याशिवाय संचयी परिणाम कळत नाही. छत्तीसगडच्या हसदेव अरण्याबाबत भारतीय वन्यजीव संस्थेने २०२१ च्या अहवालात असंच मोठं चित्र समोर ठेवलं. त्या अहवालानुसार तेव्हा त्या राज्यात देशातले एक टक्क्याहून कमी हत्ती होते, पण माणूस-हत्ती संघर्षातले माणसांचे १५ टक्क्यांहून अधिक मृत्यू तिथले. हत्तींची संख्या थोडी म्हणून परिणामही थोडा, असं म्हणायला तिथे जागाच राहिली नाही.

आणि कधीकधी कोळसा बंद करतानाही मूल्यांकन लागतं. फ्लोरिडात मॅनाटी, म्हणजे पाण्यात राहणारे मोठे शाकाहारी सस्तन प्राणी, हिवाळ्यात वीजकेंद्रांतून सोडलेल्या कोमट पाण्याजवळ गोळा होतात. टॅम्पाजवळचं बिग बेंड हे मूळ कोळशावर उभं राहिलेलं केंद्र त्यासाठी प्रसिद्ध आहे. नैसर्गिक कोमट झरे कमी झाले, नवं पाणी मिळालं, पिढ्यांनी ती जागा लक्षात ठेवली. असं केंद्र भर थंडीत एकाएकी बंद केलं तर जनावरं गारठून मरू शकतात. हे कोळशाच्या बाजूचं बोलणं नाही. बंद करण्याचं वेळापत्रक झऱ्यांच्या पुनरुज्जीवनाशी जोडलं पाहिजे, एवढंच.

उपायांच्या प्रकरणात क्रम सोडू नकोस. आधी टाळणं, मग कमी करणं, मग जागेवर दुरुस्ती आणि अगदी शेवटी दुसरीकडे भरपाई. बहुतेक मसुदे पहिली पायरी ओलांडून थेट रोपवनावर येतात. सालीखाली राहणाऱ्या वटवाघळाला जुनं वाळलेलं झाड लागतं. आज लावलेलं रोप त्या वयाला पोचायला कित्येक दशकं जातील. तोवर ती वसाहत कुठे राहील, हा प्रश्न भरपाईच्या तक्त्याखाली लिहून ठेव आणि उत्तर मिळेपर्यंत खोडू देऊ नकोस. ‘लक्षणीय परिणाम नाही’ या शब्दांवर सही करण्याआधी लक्षणीय म्हणजे किती, कोणासाठी आणि किती वर्षांत, हे विचार. आकडा ठाम नसेल तर किमान आणि कमाल दोन्ही दे. दबाव आला तर वाद घालत बसू नकोस. मूळ नोंदी, तारखा, जीपीएस बिंदू आणि फोटो यांची प्रत स्वतःजवळ सुरक्षित ठेव आणि तुझं वेगळं मत लेखी नोंदव.

फक्त एक पथ्य पाळ. घरट्यांचे, गुहांचे, विणीच्या जागांचे नेमके बिंदू जाहीर होणाऱ्या प्रतीत छापू नकोस. ते वेगळ्या, बंद परिशिष्टात निर्णय घेणाऱ्यांकडे दे. शिकारीही अहवाल वाचतात.

कळावे,
तुझा शिक्षक